इंजिन तापलं की क्लच बदलतो: जास्त प्लेटांचा किट बसवल्यावर येणारी तक्रार आणि तिचा शोध

सकाळी क्लच उत्तम असतो. गिअर स्वच्छ पडतात, न्यूट्रल सहज लागतं. अर्ध्या-पाऊण तासाने, इंदूरमध्ये राजवाड्याच्या गर्दीतून जवाहर मार्गाला लागेपर्यंत, तीच गाडी लिव्हर पूर्ण दाबलेला असतानाही सिग्नलला पुढे सरकायला बघते. पहिल्यातून न्यूट्रल लागत नाही, दुसऱ्यातून खाली मारला की थेट पहिला पडतो, लिव्हरचा प्ले, म्हणजे क्लचवर जोर येण्याआधीची मोकळी हालचाल, वाढलेला जाणवतो. गाडी घरी उभी राहून थंड झाली की सगळं पुन्हा जागेवर. जास्त प्लेटांचा किंवा कडक स्प्रिंगांचा क्लच बसवून घेतलेल्या मोटरसायकलींची ही नेहमीची तक्रार आहे आणि तिच्यावर नेहमीचा उपायही एकच होतो: केबल ओढणे.

माझ्या भाच्याची ३५० सीसीची एअर-कूल्ड गाडी याच चक्रात अडकली होती. तो सुदामा नगरहून राऊमार्गे पिथमपूरला कामाला जातो. जाताना रस्ता मोकळा, काही जाणवत नाही. परतताना शहरात शिरला की त्रास सुरू. किट जिथे बसवला तिथला मिस्त्री दर वेळी म्हणायचा, ‘भिया, तार थोड़ा खींच देते हैं.’ तार ओढली की संध्याकाळचा त्रास कमी व्हायचा, पण मग रविवारी खंडवा रोडने चोरलकडे निघालं की भेरूघाटाच्या चढावर रेस दिली तरी इंजिनचा आवाज चढायचा आणि गाडीचा वेग तसाच. म्हणजे आधी क्लच सुटत नव्हता, आता धरत नव्हता. पुन्हा तार सैल, पुन्हा संध्याकाळी न्यूट्रल गायब. यात नव्या कोऱ्या प्लेटा जळायला लागतात, हे सगळ्यात वाईट.

आधी तक्रार नीट ओळखा

‘क्लच खराब आहे’ एवढ्यावर काहीच कळत नाही. क्लच सुटत नसेल, म्हणजे लिव्हर दाबूनही इंजिन चाकापासून वेगळं होत नसेल, तर दोष वेगळा; धरत नसेल, म्हणजे लिव्हर सोडूनही इंजिनचा पूर्ण जोर चाकाला पोचत नसेल, तर वेगळा, आणि दोन्हींचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत.

क्लच धरतो का हे बघायला गरम गाडी चढावर चौथ्या गिअरला कमी वेगात न्या आणि एकदम रेस द्या. चांगल्या क्लचवर इंजिन गुरगुरत हळूहळू वेग घेईल. आवाज भराभर चढला आणि स्पीडोमीटरचा काटा तिथेच राहिला तर क्लच स्लिप होतोय. ही चाचणी एकदा-दोनदाच करा. प्रत्येक वेळी प्लेटा भाजतात.

सुटतो का हे बघायला गाडी मेन स्टँडवर घ्या, इंजिन चालू ठेवा, क्लच दाबून पहिला गिअर टाका. मागचं चाक थोडं फिरेलच, ऑइलमुळे प्लेटा एकमेकींना ओढतात. मागचा ब्रेक हलकेच दाबला की चाक थांबून इंजिन निवांत चालू राहिलं तर ठीक. इंजिन दबलं किंवा बंद पडलं तर क्लच पूर्ण सुटत नाही. चाकाला हात किंवा बूट लावून बघू नका. हेच थंड असताना आणि भरपूर तापल्यावर, दोन्ही वेळा करा.

आणखी एक साधी खूण आहे. न्यूट्रल लागत नसेल तेव्हा पहिल्या गिअरमध्येच इंजिन बंद करा. बंद केल्यावर न्यूट्रल लगेच लागलं तर दोष क्लचचा. बंद गाडीतही अडत असेल तर गिअर पेडलची दांडी, आतला गिअर बदलणारा सिलेक्टर यांकडे बघा, क्लच उघडू नका. तापल्यावर इंजिनचं आयडलिंग वाढत असेल तर तेही आधी जागेवर आणा. जास्त आरपीएमवर चांगला क्लचही ‘खट्’ करूनच गिअर घेतो, आणि त्या आवाजासाठी लोक अख्खा क्लच उतरवतात.

सकाळी पहिला गिअर टाकताना येणारा झटका मात्र सोडून द्या. रात्रभर उभ्या गाडीत थंड, घट्ट ऑइलने प्लेटा चिकटलेल्या असतात. पाच मिनिटांत तो प्रकार जातो. आपला प्रश्न त्याच्या नेमका उलट आहे: थंडीत बरा, गरमीत वाईट.

तापल्यावर आत काय घडतं

इथे थोडं गणित करावंच लागेल, कारण त्याशिवाय किटचा दोष आणि गाडीचा दोष वेगळा करता येत नाही.

लिव्हर दाबला की केबल इंजिनवरचा आर्म फिरवते, आर्म पुश रॉड ढकलतो आणि प्लेटांना स्प्रिंगांच्या जोराने दाबून धरणारी प्रेशर प्लेट उचलली जाते. ही उचल फार लहान असते. उदाहरणासाठी १.६ मिमी धरू. मूळ क्लचमध्ये घर्षणाच्या ५ प्लेटा असतील तर त्यांच्या दोन्ही बाजू मिळून १० पृष्ठभाग होतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ०.१६ मिमी फट. तेवढ्याच जागेत पातळ ७ प्लेटा बसवल्या की पृष्ठभाग १४ आणि फट ०.११ मिमी. क्लचची पकड वाढली खरी, पण सुटण्यासाठीची जागा जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने कमी झाली. मूळ क्लच जी चूक निभावून नेत होता, ती या क्लचला निभत नाही. गाडीत आधीपासून असलेला लहानसा दोष किटनंतर अचानक दिसू लागतो तो यामुळेच, आणि बिचाऱ्या किटवर आळ येतो.

आता उष्णता. स्टील दर मीटरला दर अंशाला साधारण १२ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) वाढतं, ॲल्युमिनियम साधारण २३. ज्या गाड्यांत पुश रॉड गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या पोटातून आरपार जातो, तिथे आर्म एका टोकाला आणि क्लच दुसऱ्या टोकाला असतो. मधलं अंतर समजा २०० मिमी. इंजिन ८० अंशांनी तापलं तर ॲल्युमिनियमचं केसिंग स्टीलच्या रॉडपेक्षा ०.१७ ते ०.१८ मिमी जास्त वाढतं. आर्म क्लचपासून दूर सरकतो, रॉड तेवढा लांबत नाही. आत पाव मिमीसुद्धा नाही, पण लिव्हरच्या टोकापासून प्रेशर प्लेटपर्यंतचं प्रमाण साधारण ४० ला १ असेल तर लिव्हरच्या टोकाशी तो ७ मिमी प्ले होऊन दिसतो. सिग्नलला लिव्हर ढिला लागतो तो भास नव्हे. प्लेटांचा थरही तापून किंचित जाड होतो, प्रेशर प्लेट थोडी बाहेर येते, त्यानेही प्ले वाढतो.

सगळ्याच गाड्यांत असं होत नाही. आर्म क्लचच्याच कव्हरवर असेल तर हा फरक फारच थोडा राहतो. म्हणून ऐकीव माहितीवर जाऊ नका, स्वतःच्या गाडीवर दोन्ही अवस्थांत मोजा.

मग तार ओढून तो प्ले काढला तर बिघडलं कुठे? गरम अवस्थेत प्ले बरोबर केला की थंड अवस्थेत तो उरतच नाही. केबल ताणलेली राहते, रॉड प्रेशर प्लेटला सतत थोडा टेकलेला राहतो, स्प्रिंगांचा पूर्ण दाब प्लेटांवर पोचत नाही. क्लच कळेल न कळेल इतका स्लिप होतो, तापतो, रॉडचं टोक घासून निळं पडतं. केबल सेट करायचा नियम एकच: ज्या अवस्थेत प्ले सगळ्यात कमी असतो, त्या अवस्थेत लिव्हरच्या टोकाशी तुमच्या गाडीच्या पुस्तकात दिलेला प्ले राहिलाच पाहिजे. बहुतेक गाड्यांत ती अवस्था सकाळची असते.

उचल कुठे हरवते ते शोधा

यासाठी एक स्टीलची पट्टी, पांढऱ्या खडूचा तुकडा आणि लिव्हर दाबायला एक माणूस एवढं पुरतं. इंजिनवरचा आर्म जिथून जिथपर्यंत फिरतो तिथे केसिंगवर खडूने दोन खुणा करा. थंड गाडीत लिव्हर पूर्ण दाबून आर्मचं टोक किती मिमी सरकलं ते लिहून ठेवा. मग गाडी चांगली तापवा, मोकळ्या रस्त्यावर नाही, खऱ्या गर्दीत. आमच्याकडे त्यासाठी संध्याकाळचा पलासिया ते राजवाडा हा रस्ता पुरेसा आहे; मे महिन्यात तर अर्धाही पुरतो. तापलेल्या गाडीवर तेच मोजमाप पुन्हा घ्या. सायलेन्सरला पाय लागणार नाही एवढं बघा.

आर्मचा प्रवास गरम असताना कमी झाला, तर दोष केबल, लिव्हर किंवा प्ले यांत आहे, क्लचच्या पोटात नाही. प्रवास तेवढाच राहिला आणि तरी क्लच सुटत नाही, तर मात्र कव्हर उघडावं लागेल. या एका मोजमापाने अर्धा शोध संपतो. क्लच उतरवण्याआधी ते कोणी करत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. गॅस्केट, ऑइल आणि मजुरी यांत किती पैसा फुकट जातो!

भाच्याच्या गाडीत आर्मचा प्रवास गरम झाल्यावर स्पष्ट कमी भरला. प्ले जमेस धरूनही हिशेब जुळेना. मग त्याला लिव्हर दाबायला सांगून मी टाकीखाली टॉर्च मारला. केबलचं बाहेरचं आवरण प्रत्येक दाबासरशी सापासारखं सरळ व्हायला बघत होतं आणि सोडलं की पुन्हा वाकत होतं. किट बसवताना केबल मूळ क्लिपांमधून न नेता सिलिंडरच्या पंखांना चिकटून सोडली होती. तापलेल्या भागात आवरणाचं प्लास्टिक चकचकीत आणि चेपलेलं. आतलं प्लास्टिकचं अस्तर गरम झालं की मऊ पडतं, वळणावर तार त्यात रुतते, आवरण दाबलं जातं. आपण हाताने दिलेली हालचाल आवरण वाकवण्यातच खर्च होते.

केबलचा १० मिमी प्रवास आत १.६ मिमी उचल देत असेल, तर केबलमध्ये हरवलेला प्रत्येक मिलिमीटर आतले ०.१६ मिमी खातो. अडीच मिमी हरवले की ०.४ गेले. १.६ ची १.२ झाली. मूळ ५ प्लेटांना तरीही ०.१२ मिमी फट मिळाली असती. ७ प्लेटांना ०.०८६ उरते. तापून पातळ झालेल्या ऑइलमध्येही एवढ्या फटीत प्लेटा नीट सुट्या होत नाहीत.

आर्मचा कोनही बघा. लिव्हर अर्धा दाबल्यावर केबल आणि आर्म यांच्यात साधारण काटकोन हवा. आर्म दात्यांवर एक घर चुकून बसला असेल तर शेवटच्या टप्प्यात, म्हणजे नेमकी उचल हवी तेव्हा, त्याचा जोर कमी पडतो. इंजिनवर आतला ॲडजस्टर स्क्रू असेल तर आधी तो पुस्तकातल्या मापाला लावून लॉक नट आवळा, केबल त्यानंतर. आतलं चुकलेलं बाहेरून तार ओढून झाकलं की पुढचा मिस्त्रीही फसतो.

कडक स्प्रिंगा खरंच हव्यात का

या किटांबद्दल माझं मत ठाम आहे. क्लचची पकड घर्षणाच्या पृष्ठभागांची संख्या, स्प्रिंगांचा दाब, घर्षण गुणांक आणि प्लेटांची त्रिज्या यांच्या गुणाकारावर ठरते. पृष्ठभाग १० वरून १४ केले की बाकी काहीही न बदलता पकड ४० टक्के वाढते. वर २० टक्के कडक स्प्रिंगा बसवल्या तर एकूण ६८ टक्के. इंजिन मूळ स्थितीत असेल तर एवढ्या पकडीचा उपयोग शून्य, आणि किंमत मात्र रोज मोजावी लागते: हात भरून येतो, केबलचं आवरण जास्त दाबलं जातं, आर्मवर आणि रॉडच्या टोकावर जास्त ताण येतो. उचल हरवण्याचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. म्हणून दोहोंपैकी एकच घ्या. जास्त प्लेटा बसवल्या असतील तर मूळ दाबाच्या चांगल्या स्प्रिंगा ठेवा.

कडक स्प्रिंगेत आणखी एक फसवणूक लपलेली असते. तिची तार जाड असते, त्यामुळे दाबली की तिचे वेढे एकमेकांना लवकर टेकतात. टेकले की प्रेशर प्लेटची उचल तिथेच थांबते, लिव्हरला शेवटी दगड लागल्यासारखं वाटतं. तापून प्लेटांचा थर जाड झाला की स्प्रिंग आधीच थोडी जास्त दाबलेली असते आणि वेढे अजून लवकर टेकतात. कव्हर उघडं असताना लिव्हर पूर्ण दाबून वेढ्यांमध्ये उजेड दिसतो का ते बघा. दिसत नसेल तर ती स्प्रिंग त्या गाडीची नव्हे.

कव्हर उघडलंच असेल तर प्लेटांच्या थराची एकूण उंची मूळ थराशी व्हर्निअरने ताडून बघा. जास्त भरली तर उचल मार खाते, कमी भरली तर स्प्रिंगांचा दाब. स्टीलच्या प्लेटा जाड काचेवर ठेवून फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) वाक तपासा; निळ्या डागांची प्लेट मापात बसली तरी मी परत बसवत नाही, ती तापल्यावर वाकते. प्लेटा ज्यात बसतात त्या बास्केटच्या बोटांवर नखाला लागणाऱ्या खाचा पडल्या असतील तर प्लेटा त्यांत अडकतात. नव्या प्लेटा किमान रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून मगच बसवाव्यात. स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत न्या, नाहीतर प्रेशर प्लेट तिरपी उठते आणि एका बाजूच्या प्लेटा चिकटूनच राहतात.

ऑइलबद्दल थोडक्यात. तापल्यावर क्लच *धरत* नसेल आणि केबलला प्ले असेल तर पहिला संशय ऑइलवर घ्या. कारसाठीच्या, इंधन वाचवणाऱ्या ऑइलमधली घर्षण कमी करणारी द्रव्यं ओल्या, म्हणजे इंजिन ऑइलमध्येच बुडून चालणाऱ्या क्लचला चालत नाहीत. डब्यावर जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए-२ लिहिलेलं असलं पाहिजे, एमबी नको. ग्रेड गाडीच्या पुस्तकातलाच. क्लच सुटावा म्हणून पातळ ऑइल टाकण्याचा सल्ला मिळेल, तो घेऊ नका. एअर-कूल्ड इंजिनला इंदूरच्या उन्हाळ्यात ते महागात पडेल.

हायड्रॉलिक क्लच असलेल्या चारचाकीत हीच तक्रार आली तर रस्ता वेगळा. तापल्यावर पेडल मऊ पडत असेल आणि दोन-तीनदा पंप केल्यावर क्लच सुटत असेल तर फ्लुइड जुनं झालंय का बघा. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट-४ फ्लुइडचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओलावा शिरल्यावर ही किमान मर्यादा १५५ पर्यंत खाली येते. पाइप किंवा स्लेव्ह सिलिंडर (फ्लुइडच्या दाबाने क्लच ढकलणारा) सायलेन्सरच्या जवळ असेल तर फ्लुइडची वाफ होते. फ्लुइड बदलून हवा काढा, उष्णतेपासून आडोसा द्या, मग क्लचकडे वळा.

भाच्याच्या गाडीला शेवटी प्लेटा बदलाव्या लागल्या नाहीत. कव्हर एकदा उघडून कडक स्प्रिंगांच्या जागी मूळ दाबाच्या नव्या स्प्रिंगा बसवल्या आणि थराची उंची तपासली. ती बरोबर होती. केबल नवी घेतली, मूळ क्लिपांमधून सिलिंडरपासून लांब नेली, हँडल दोन्ही टोकांना पूर्ण वळवून ती कुठे ताणत नाही हे बघितलं. आर्म एक दाता मागे घेतला. थंड गाडीत प्ले ३ मिमी ठेवला. संध्याकाळी गर्दीतून आणल्यावर तो अजूनही वाढतो, केसिंग तापणारच, पण न्यूट्रल लागतं आणि मेन स्टँडवर ब्रेक लावला की चाक थांबतं. भेरूघाटावर क्लच धरतो.

नवी केबल सुरुवातीला थोडी बसते, म्हणून पहिल्या ५०० किलोमीटरच्या आत सकाळच्या थंड गाडीवर प्ले पुन्हा मोजा आणि लॉक नट आवळलेला आहे ना ते बघा. तापलेल्या गाडीवर, सिग्नलला उभं राहून, ॲडजस्टरला हात लावू नका.